बर्फातलं टायरपुराण

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या लेखी तुम्ही त्याच दिवसापासून मेकॅनिक. काकूंचा मिक्सर, आजोबांचा पंखा, शेजारच्या काकांची स्कूटर, सगळ्यांचं निदान आपण करायचं. "थर्मो शिकतोस ना, मग आमचा फ्रीज पाणी का गाळतो सांग बरं!" हे ऐकायची सवय झालेली असते. पण २०२३ च्या दिवाळीत माझ्या मामेभावाने जो प्रश्न टाकला, तो मिक्सरच्या जातीचा नव्हता.

दादा हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत हिमबिबट्यांच्या अभ्यासाचं काम करतो. स्पितीचं मुख्य गाव काझा, उंची साधारण ३६५० मीटर. त्याचं काम त्याच्याही वर, किब्बरच्या बाजूला, म्हणजे ४२०० मीटरच्या आसपास. मनालीकडून कुंझुम खिंडीतून येणारा रस्ता हिवाळ्यात महिनोन्महिने बंद. मग सिमला, रामपूर, नाको, ताबो असा आधी सतलजच्या आणि पुढे स्पिती नदीच्या काठाने फिरून येणारा एकच रस्ता उरतो, तोही वरच्याची मर्जी असेल तोवर. त्यांच्या गटाकडे एक जुनी मारुती जिप्सी आहे. कंपनीने सामान्य गिऱ्हाइकांसाठी ही गाडी २०१९ साली बंद केली, पण पहाडात तिला अजून मरण नाही. जिप्सी कागदोपत्री संशोधनाची, प्रत्यक्षात मात्र अख्ख्या गावाची. कुणाच्या छातीत दुखलं, कुणाचे दिवस भरले की रात्री-अपरात्री काझाच्या दवाखान्यात न्यायला हीच.

आदल्या हिवाळ्यात अशाच एका फेरीत, मागे एक अवघडलेली बाई आणि तिची सासू बसलेली असताना, एका सावलीतल्या वळणावर गाडी ब्रेक लावूनही सरकत राहिली. दादाच्या शब्दांत सांगायचं तर, "चारही चाकं थांबली होती रे, गाडी तेवढी चालली होती." कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून ती थांबली. पलीकडे दरी. त्या बाईला पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण दादाच्या डोक्यातून ते वळण काही जाईना. या वर्षी चार टायरांपुरते पैसे मंजूर झाले होते. एकदाच. पुन्हा मागायची सोय नाही. फराळाच्या ताटावर त्याने विचारलं, "फोर बाय फोर असून घसरली. आता टायर कुठले घालू, ते तू सांग."

खरं म्हणजे याचं अर्धं उत्तर आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आहे. तो 'ब्लॉक ऑन इन्क्लाइन्ड प्लेन' आठवतोय? ज्याच्या नावाने आपण सगळ्यांनी खडे फोडले तोच. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.८, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि चकचकीत गोठलेल्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट म्यू जी या सूत्रात घालून बघा. डांबरावर ८ मीटर, म्यू ०.२ धरला तर ३१ मीटर आणि ०.१ धरला तर जवळजवळ ६३ मीटर. हे सपाट रस्त्यावर आणि ड्रायव्हरच्या प्रतिक्रियेचा वेळ न धरता. पहाडात सपाट रस्ता ही लग्नाच्या हॉलपुरती गोष्ट.

आता या सूत्रात 'फोर व्हील ड्राइव्ह' कुठे आहे? कुठेच नाही! ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. इंजिनाची ताकद दोनऐवजी चार चाकांना मिळाली की गाडी बर्फातून सुटते, चढ चढते. उतारावर चौथीऐवजी लो गिअरमध्ये ठेवली तर इंजिनाचं ओढणंही चारी चाकांत वाटलं जातं, एवढा फायदा खरा. पण एकदा ब्रेक लागला की फोर बाय फोर आणि मारुती ८०० एकाच पंगतीत. म्यू ०.१ असेल तर पावणेसहा अंशांच्या उतारावर उभी केलेली गाडीसुद्धा हँडब्रेकसकट आपली आपण निघते. टॅन इन्व्हर्स काढून बघा, पटेल. उलट चारी चाकं ओढतात म्हणून गाडी झपझप वर जाते, ड्रायव्हरला वाटतं रस्ता बरा आहे, आणि मग उतार येतो. माझ्या मते बर्फातली फोर बाय फोर दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीपेक्षा थोडी जास्तच फसवी, कारण ती घसरण्याआधी सूचना देत नाही.

म्हणजे म्यू वाढवायचा, आणि तो वाढवणारी गाडीतली वस्तू एकच. टायर.

मी पुण्यातल्या एका टायरवाल्याकडे गेलो. "बर्फासाठी ना? मग हा घ्या," म्हणत त्याने मड-टेरेन टायर पुढे केला. एकेक ठोकळा लाडवाएवढा, मधल्या खाचांत अख्खा अंगठा जाईल. दिसायला असला रुबाबदार की कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीभोवती गर्दी व्हावी. पण हा चिखलाचा पैलवान. चिखलात मोठ्या खाचांमुळे तो स्वतःला साफ करत राहतो. दाबून कडक झालेल्या बर्फावर मात्र त्याचे मोठे, गुळगुळीत, कडक ठोकळे नुसते टेकतात, पकडत नाहीत. दुसऱ्या टोकाला हायवे-टेरेन, जे जिप्सीला होते. आवाज कमी, आयुष्य जास्त, पण नक्षी उथळ. बर्फ आणि दगड दोन्हींत हतबल. या दोघांच्या मधला तो ऑल-टेरेन.

मग थेट हिवाळी टायरच का नको? फिनलंडच्या ज्या कारखान्याला आज नोकियन म्हणतात, त्याने १९३४ साली जगातला पहिला हिवाळी टायर बनवला. तिथे हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन संच ठेवायची पद्धतच आहे. पण स्पितीत मेपासून ऑक्टोबरपर्यंत रस्ता म्हणजे दगड, धूळ आणि नाले. मऊ रबराचा हिवाळी टायर त्या अणकुचीदार दगडांवर दोन मोसमांत सोलून निघेल. दोन संच घ्यायला पैसे नाहीत आणि काझात ते बदलून देणारं मशीन शोधायचं कुठे! शिवाय जिप्सीच्या मापाचा हिवाळी टायर भारतात मिळवणं म्हणजे ओरल्सच्या आदल्या दिवशी जर्नलवर सही मिळवण्यासारखंच. तेव्हा ऑल-टेरेन हे नक्की झालं. पण ऑल-टेरेन नावाखाली बाजारात जे काही विकलं जातं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक नक्षी बघून कळत नाही.

इथे आमच्या प्रयोगाची हकीकत सांगतो. रबर थंडीत कडक होतं हे पुस्तकात आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर आपली लवचीकता गमवायला लागतं, असा ढोबळ नियम सांगतात. मी आणि माझ्या रूम पार्टनरने एका रिमोल्डिंगवाल्याकडून तीन जुन्या टायरांचे तुकडे आणले, एक हायवे, एक मड आणि एक बर्फाचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन. ते मेसच्या डीप फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली रात्रभर ठेवले. फ्रीजर उणे १८ अंशांचा, म्हणजे काझातली जानेवारीची बरी रात्र. सकाळी लॅबमधला शोअर ड्युरोमीटर घेऊन एकेक तुकडा तपासला. आकडे इथे देत नाही, कारण त्या उपकरणाचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं हे लॅब असिस्टंटलाही आठवत नव्हतं. पण फरक कळायला उपकरणाची गरजच नव्हती. हायवेचा तुकडा टेबलावर आपटला तर लाकडासारखा टक् वाजला. चिन्हवाल्या तुकड्यात नख अजून रुतत होतं. (मेसच्या मावशींनी मटाराला वास येतो म्हणून आमचा उद्धार केला, तो वेगळा विषय.)

हे कसं होतं, तर रबराच्या मिश्रणामुळे. प्रत्येक रबराचं एक काच-संक्रमण तापमान असतं, त्याखाली ते काचेसारखं वागतं. नैसर्गिक रबराचं उणे ७० च्या आसपास, पॉलिब्युटाडाइनचं उणे १०० च्या जवळ. नेहमीच्या टायरांत जे स्टायरीन-ब्युटाडाइन भरपूर असतं त्याचं बरंच वर. मिश्रणात काय किती आणि सिलिका किती, यावर टायरचा थंडीतला स्वभाव ठरतो. आणि हे मिश्रण बाहेरून सगळ्यांचं सारखंच काळं!

दुसरी गोष्ट सायपिंगची. टायरच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्यांना सायप म्हणतात. जॉन सिप नावाच्या अमेरिकन माणसाने १९२३ साली याचं पेटंट घेतलं. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून त्याने बुटाच्या तळव्याला अशा चिरा पाडल्या, अशी कथा सांगतात. ठोकळा जमिनीला टेकला की या चिरा उघडतात आणि एकाच्या दहा कडा बर्फात रुततात. खाचांमध्ये बर्फ भरून बसतो, तोही फायद्याचाच. आपण बर्फाचा गोळा वळतो तेव्हा बर्फ बर्फाला चिकटतो ना, तसंच. चिखलाच्या टायरला जे स्वतःला झटकून साफ होण्याचं कौतुक, ते इथे उलटं पडतं.

आता मुद्द्याचं. मिश्रण दिसत नाही, चिरा दिसतात पण किती पुरेशा ते कळत नाही. मग गिऱ्हाइकाने बघायचं काय? टायरच्या बाजूवरची खूण. 'एम+एस', म्हणजे मड अँड स्नो, हे अक्षर बहुतेक ऑल-टेरेनवर असतं आणि विक्रेता त्यावर बोट ठेवून शपथ घेतो. ही खूण फक्त नक्षीत खाचा किती आहेत त्यावर मिळते, त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावा लागत नाही. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम+एस टायरला हिवाळी टायर मानणंच बंद केलं. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. १९९९ पासून ती अमेरिकेत आणि कॅनडात आली. ती मिळवायला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. ठरवून दिलेल्या प्रमाण टायरची पकड १०० धरली तर या टायरची किमान ११० हवी. पण मित्रांनो, या खुणेलाही देव मानू नका. अमेरिकन चाचणीत टायर पुढे किती जोराने ओढतो हे बघतात, किती लवकर थांबतो हे नाही. आणि काचेसारख्या बर्फाची त्यात परीक्षाच नाही. म्हणजे थिअरीत पास, प्रॅक्टिकल बाकी. तरीही न दिलेल्या परीक्षेपेक्षा दिलेली बरी. आणखी एक, एकाच नावाच्या टायरच्या सगळ्या मापांवर ती खूण असेलच असं नाही. कॅटलॉग बघून नव्हे, दुकानात टायर फिरवून डोळ्यांनी बघायची. सोबत उत्पादनाचे चार आकडेही बघायचे. ३४२३ असेल तर २०२३ चा ३४ वा आठवडा. गोदामात तीन-चार वर्षं पडून वाळलेला टायर स्वस्त का मिळतो ते त्यावरून कळतं.

मापावरून दादाच्या गटात दोन पक्ष पडले. तरुण मंडळींना २३५ मिलिमीटर रुंदीचे हवे होते. जिप्सीचं माप २०५/७० आर १५. आम्ही ठरवलं २१५/७५ आर १५. कारण स्पितीत फूट-दोन फूट भुसभुशीत बर्फावर तरंगत जायचं नसतं. आइसलँडमध्ये हिमनदीवर जाणारे लोक प्रचंड रुंद टायर लावून हवा जवळजवळ काढून टाकतात, तो खेळ निराळा. इथे वरचा थर कापून खालच्या कडक जमिनीपर्यंत पोचायचं असतं, आणि एवढंच वजन कमी रुंदीवर आलं की दाब वाढतो. दुसरं असं की रुंद टायर घातला की चाकाच्या कमानीत साखळी बसवायला जागाच राहत नाही. २१५/७५ चा व्यास मूळ टायरपेक्षा ५ टक्के जास्त, त्यामुळे जमिनीपासून थोडी उंची मिळते. बदल्यात गिअर तेवढाच जड होतो, आणि ४२०० मीटरवर हवाच विरळ असल्याने १.३ लिटरचं इंजिन आधीच धापा टाकत असतं. त्याहून मोठं चाक म्हणजे तिच्यावर अन्याय.

हवेच्या दाबाचा हिशोब मला फार आवडला, म्हणून जरा रेंगाळतो. थंडीत टायरमधली हवा आकसते, त्यामुळे वर गेल्यावर भरपूर हवा भरा असं सगळे सांगतात. समजा चंदीगडला २० अंशांत ३० पीएसआय भरली. काझात उणे १५ आहे. केल्व्हिनमध्ये गणित केलं तर दाब २५ च्याही खाली यायला हवा. पण आपला गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, आणि काझात बाहेरचा दाबच चंदीगडपेक्षा पावणेपाच पीएसआयने कमी! दोन्ही धरले तर गेजवर साडेएकोणतीस दिसतात. थंडीने नेलं ते उंचीने परत दिलं. दादाचे ड्रायव्हर भाईजी वर पोचल्यावर हवेला हात लावत नाहीत, ते वर्षानुवर्षांच्या अनुभवाने. मी त्यांना हे कागदावर मांडून दाखवलं, तर म्हणाले, "अच्छा, तो किताब में भी यही लिखा है!"

हो, मी स्पितीत गेलो होतो. टायर चंदीगडला घेतले, खूण बघून, तारीख बघून. २०२४ चा जानेवारी हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला आणि महिनाअखेरीस एकदम बर्फ सुरू झाला, त्यामुळे मी फेब्रुवारीत पोचलो तेव्हा परीक्षेला पेपर ताजा होता. नदीकाठच्या एका सपाट पटांगणात बर्फ दाबून आम्ही रस्ता केला. ताशी २० चा वेग, ठरलेल्या दगडापाशी ब्रेक. मग भाईजींनी कुरकुरत जुने टायर परत चढवले आणि पुन्हा तेच. टेपऐवजी पावलांनी मोजलं. जुन्या टायरांवर चौदा पावलं, नव्यांवर नऊ. पाच पावलं म्हणजे किती हे मी दुसऱ्या दिवशी त्या वळणावर उभं राहून पाहिलं. कडेपर्यंत तेवढीही जागा नाही.

पण त्याच वळणावर, जिथे वरच्या झऱ्याचं पाणी दुपारी रस्त्यावर येतं आणि चार वाजता सावली पडली की गोठतं, तिथे नवे टायरही नांगी टाकत होते. भाईजी त्याला 'शीशा' म्हणतात. पायी चालताना मीच दोनदा बसलो. गोठणबिंदूच्या आसपासचा बर्फ सगळ्यात वाईट, कारण वर पाण्याचा सूक्ष्म थर असतो. उणे २० चा बर्फ त्यामानाने बरा. तिथे उपाय साखळीचाच. गाडीत साखळी, फावडं, लाकडी ओट आणि चुलीच्या राखेची पोती कायम असतात. एकच जोडी असेल तर पुढच्या चाकांना की मागच्या, यावर तिथे चहाच्या दुकानात तासभर वाद चालतो. उणे पंधरात उघड्या बोटांनी लोखंडी साखळी चढवणं काय असतं ते मी एकदा केलं, दुसऱ्यांदा मोजे घालून केलं. नव्या टायरांनी साखळीची गरज संपवली नाही, पण काझा-किब्बर रस्त्यावर ती पूर्वी पाच-सहा ठिकाणी चढवायची-उतरवायची, आता दोन ठिकाणी. रात्री मागे पेशंट असताना प्रत्येक वेळचे वीस मिनिटं वाचतात.

निघायच्या आदल्या दिवशी मी सहज मागे जाऊन स्टेपनी पाहिली. ती जुनीच होती, २०५/७० ची हायवे. चार टायरांचेच पैसे होते ना! जिप्सीत मधला डिफरन्शियल नसतो. फोर व्हील लावली की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. त्यात एका चाकाचा व्यास ५ टक्के कमी म्हणजे प्रत्येक फेऱ्याला कुठेतरी पीळ साचत जाणार, आणि तो एकतर चाक घसरवून सुटणार किंवा ट्रान्सफर केस खाऊन. म्हणजे पंक्चर झालं की स्टेपनी लावून टू-व्हीलमध्येच चालवायचं, आणि तेही नेमकं बर्फात. हे मी दादाला चित्र काढून समजावलं. भाईजींनी चित्र बघितलं, स्टेपनीला एक लाथ मारली आणि काही न बोलता गाडीवर साखळ्या चढवायला गेले.

पाचव्या टायरची वर्गणी गावाने केली. कुणी शंभर, कुणी पाचशे, एका आजींनी वाळवलेले मटार दिले, ते दादाने विकत घेऊन पैसे डब्यात टाकले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चंदीगडहून येणाऱ्या ट्रकच्या टपावर बांधून तो वर पोचला. दादाने फोटो पाठवला. स्टेपनीच्या जागी नवा कोरा टायर, त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण, आणि गावच्या पोरांनी त्या खुणेत खडूने एक बिबट्याही काढलेला.